फूफीने शिवलेलं जांभळं कव्हर

मित्रांनो, 'मी एक जुना लॅपटॉप आहे' अशी सुरुवात करायची माझी फार इच्छा होती. आत्मवृत्त सांगावं ते जुन्यांनी. फाटक्या छत्रीने सांगावं, गंजलेल्या सायकलीने सांगावं. मी पडलो नवाकोरा. अजून माझ्या कळांवरची अक्षरंसुद्धा पुसट झालेली नाहीत. तरीही आज बोलायला बसलोय, कारण एवढ्याशा आयुष्यात मी जितक्या वेळा मेलो आणि पुन्हा जिवंत झालो, तितक्या वेळा एखादी छत्री वाऱ्यात उलटीसुद्धा झाली नसेल.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पोटावर बारीक अक्षरांत छापलंय. पण आपलं पोट आपल्याला कसं दिसणार? मला आठवतं ते दुबईतलं एक थंडगार दुकान. तिथे अदीब नावाचा तरुण आला. त्याने दुकानदाराला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, "माझी बहीण आर्किटेक्चरला आहे. मोठमोठी चित्रं झेपतील ना याला?" दुकानदाराने माझी इतकी तारीफ केली, की मलाच लाजल्यासारखं झालं. मग खजुरांचे डबे, अत्तराच्या बाटल्या आणि एक इस्त्री यांच्या मध्ये बसून मी विमानाने निघालो आणि पनवेलला पोचलो.

टपाल नाक्याजवळच्या त्या घरात माझं स्वागत काय वर्णावं! अदीबचे अब्बा, इक्बालभाई, यांचं खाली अत्तराचं आणि टोप्यांचं दुकान, वर घर. इक्बालभाईंनी खोका उघडताना हात धुतले, पुसले, आणि मग पुन्हा धुतले. आयत, म्हणजे माझी मालकीण, हिने मला छातीशीच धरलं. आणि तिच्या मागे, चष्मा कपाळावर चढवून उभी होती नूरुन्निसा फूफी.

ही फूफी म्हणजे इक्बालभाईंची मोठी बहीण. लग्न होऊन करंज्याला गेली होती, तिथे बंदरावर मासळी निवडायला बसायची, नवरा गेल्यावर भावाकडे परत आली आणि आयतला तिनेच लहानाचं मोठं केलं. धंदा शिवणाचा. अर्ध्या मोहल्ल्याच्या बायकांची मापं तिला तोंडपाठ. आणि हौस एकच, वस्तूंना कव्हरं शिवायची. त्या घरात उघडी वस्तू म्हणून सापडायची नाही. मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या मुठीला कव्हर, रिमोटला कव्हर, गॅसच्या सिलिंडरला झालरीचा झगा. इक्बालभाई म्हणायचे, "आपा, मी जरा वेळ एका जागी बसलो तर मलाही शिवशील." फूफी म्हणायची, "तुझं माप फार मोठं आहे, कापड परवडत नाही."

पण मी आलो तेव्हा तिचं शिलाई मशीन बंद होतं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. सुईत दोरा जाईना, सरळ शिवण वाकडी जाऊ लागली. एका नवरीचा कुर्ता तिच्या हातून बिघडला, त्या दिवसापासून तिने मशीनवरच कव्हर घातलं आणि ते काढलं नाही. मग ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, थेंब घालायचे दिवस संपले, आणि एका सकाळी तिने मशीनसमोर बसून सुईत दोरा ओवला. पहिल्याच झटक्यात गेला! बाई हातात सुई धरून लहान मुलीसारखी हसत बसली.

आणि डोळे बरे झाल्यावर तिने पहिलं काय शिवलं असेल? माझं कव्हर. ट्रंकेत जपून ठेवलेली जांभळी मखमल, आत फोमचा जाड थर, काठाला सोनेरी गोट. तळाला मोज्यासारखं घट्ट बसायचं, आणि वरचा पडदा मागे दुमडला की माझा स्क्रीन मोकळा. शेजारच्या भामाकाकूंना तिने एकेक टाका दाखवला. "बघ गो, एक तरी टाका हललाय का? या डोळ्यांनी शिवलंय, या!"

मीही फुगलो. दुकानातल्या कुठल्या लॅपटॉपच्या नशिबी मखमल आली होती?

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या पोटाला बारीक जाळी आहे. तिथून मी हवा आत ओढतो आणि कुशीतून गरम हवा बाहेर सोडतो. हलकं काम असलं तर हवा कमी पुरते. पण मोठं काम पडलं की मला धापा टाकाव्या लागतात, आणि जाळी बंद असेल तर माझा जीव कासावीस होतो. तुमच्यातलं लहान मूल श्वास कोंडला की निळं पडतं ना? माझंही तसंच झालं.

आयतचं शेवटचं वर्ष होतं. तिने प्रकल्प घेतला होता करंज्याच्या बंदरावरचा. मासळीचा लिलाव होतो, बायका मासळी सुकवतात, निवडतात, तिथे त्यांना बसायला सावली नाही. त्यांच्यासाठी एक मोठी शेड. कल्पना फूफीनेच डोक्यात भरवलेली. "उन्हात बसून बसून माझी टाळू भाजली होती गो. एक छप्पर असतं ना, तर मी आणखी दहा वर्षं तिथे काढली असती." आता त्या शेडचं खऱ्यासारखं चित्र काढायचं होतं, ऊन कुठून येईल, सावली कुठे पडेल, सगळं त्यात दिसायला हवं. या कामाला आयत 'रेंडर' म्हणते. ते चित्र झालं नाही तर प्रकल्प अपुरा, आणि प्रकल्प अपुरा तर वर्ष गेलं.

तिने पहिल्यांदा रेंडर लावला, मी जोरात पळालो, पोट तापलं, आणि मखमलीत माझा श्वास अडकला. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तोंड निळं पडलं. अख्खा स्क्रीन निळा. वर एक रडका चेहरा, खाली इंग्रजीत माफी, आणि कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांचा चौकोन.

इक्बालभाई धावत आले. त्यांनी तो चौकोन पाहिला. दुकानाच्या गल्ल्यावर तसाच एक चिकटवलेला आहे. "हे काय, हा पैसे मागतोय का?"

"अब्बा, तो क्रॅश झालाय!"

"नव्या वस्तूला एवढ्यात कसला क्रॅश? बंद करून चालू कर."

बंद करून चालू केलं. मी शुद्धीवर आलो. पुन्हा रेंडर, पुन्हा निळा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग जो तो माझा डॉक्टर झाला. आयतने ड्रायव्हर काढले, नवे घातले. माझी मेमरी तपासली. कंपनीला फोन लावला, तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, बंद करून चालू करा. इक्बालभाईंनी वायरमन बोलावून घराचं अर्थिंग तपासून घेतलं. फूफी म्हणाली, "नजर लागली. भामा बघून गेली त्याच दिवसापासून सुरू झालं हे." तिने दुवा पढून माझ्यावर दम केला, म्हणजे हलकेच फुंकर घातली. मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवसांत मला तेवढीच काय ती हवा मिळाली.

मला ओरडून सांगावंसं वाटायचं, 'अहो, पोटाखालचं काढा!' पण मला वाचा कुठली? एक निळं तोंड तेवढं करता येतं, आणि त्यावर आलेलं इंग्रजी कुणाच्या कामाचं नव्हतं.

शेवटी मला निकेशकडे नेलं. निकेश जवळच्या नेरे गावचा, पनवेलात त्याचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. आणि इथे जी गंमत झाली, ती फक्त याच घरात होऊ शकते. निघताना फूफीने माझं कव्हर काढून ठेवलं. "दुकानात कसले कसले तेलकट हात लागतात. मखमल आहे ती, खराब होईल." दुकानात मी उघडाच. काय मोकळं वाटलं म्हणून सांगू! निकेशने मला दिवसभर मारामारीचे खेळ लावून पळवलं. मी वाऱ्यासारखा पळालो. एकदाही निळा पडलो नाही.

"ताई, याला काय झालंय नाय," निकेश म्हणाला. "एकदम ओके हाय. आमी फुल लोड देऊन बघितला."

घरी आलो, फूफीने मला पुन्हा मखमलीत घातलं, आणि रेंडर लावताच माझं तोंड निळं.

पुन्हा दुकान. पुन्हा कव्हर घरी. पुन्हा मी ठणठणीत. निकेशने विंडोज नवीन टाकली. तिसऱ्या खेपेला तो डोकं खाजवत म्हणाला, "तुमच्या घरातच काय तरी लफडा हाय. माझ्याकडं आला की हा शहाण्यासारखा वागतो, तुमच्याकडं गेला की नाटकं करतो."

नाटकं! असा राग आला म्हणता.

अदीबचा फोन आला, "अब्बा, कुणी इकडे दुबईला येणारं असेल तर परत पाठवा, बदलून मिळेल." इक्बालभाई हो म्हणाले. बदलून यायचा तोवर प्रकल्पाची तारीख उलटून जाणार होती. आयत माझ्यासमोर डोकं टेकून बसली आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या कळांवर पडेल की काय अशी मला धास्ती वाटली. मला परत जायचं नव्हतं हो. त्या घरात सकाळी खालून अत्तराचा वास येतो, दुपारी शिलाई मशीनची टकटक येते. असं घर दुसरीकडे मिळत नाही.

मग एका शुक्रवारी फूफीने कव्हर धुतलं. गोटावर चहाचा डाग पडला होता. कव्हर दोरीवर वाळत पडलं आणि मी उघडाच टेबलावर. आयतने आशा सोडून दिली होती, तरी सवयीने तिने एक छोटं चित्र रेंडरला लावलं. झालं पूर्ण! तिने दुसरं लावलं. तेही झालं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग दोरीवरच्या जांभळ्या मखमलीकडे बघितलं. मग मला उचलून माझ्या पोटाची जाळी बघितली आणि कुशीशी हात धरला. माझा गरम श्वास तिच्या बोटांना लागला, आणि तिला सगळं कळलं.

मला वाटलं, सुटलो बाबा एकदाचा!

पण तेवढ्यात फूफी वाळलेलं कव्हर घेऊन आली. काठ हाताने सारखा करत म्हणाली, "बघ, रंग जरासुद्धा गेला नाही. भामा म्हणते, असंच तिच्या नातवाला शिवून दे. डोळे बरे झाल्यापासून लोक पुन्हा विचारायला लागलेत गो."

आयतच्या ओठांवर आलेले शब्द तिने गिळले. "छान दिसतंय, फूफी," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक चोरटा खेळ सुरू झाला. फूफी स्वयंपाकघरात गेली की आयत माझं कव्हर ओढून काढायची आणि काम लावायची. चपलांचा आवाज आला की घाईघाईने पुन्हा घालायची आणि काम थांबवायची. परत पाठवायचं ती टाळत राहिली, "आता बरा चालतोय" म्हणून सांगत राहिली. फूफी खूश. म्हणाली, "दम केला होता ना मी." आयत हसली. मला ते हसणं बरं वाटलं नाही. पण ते खोटं प्रेमापोटीच होतं, त्यामुळे मला रागही येईना.

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळपर्यंत फाइल कॉलेजला पोचायला हवी होती. आयतने जेवणाच्या थोडं आधी सगळ्यात मोठं चित्र लावलं. बंदरावरची पूर्ण शेड, खाली बसलेल्या बायका, मागे होड्या. फूफी शेजारी गेली होती. कव्हर गादीखाली लपवलेलं. दुपारी इक्बालभाई म्हणाले, "चल, तोवर तुझी मोठी कागदं छापून आणू." दोघं गेले. मी एकटा टेबलावर धापा टाकत होतो, पण सुखाच्या धापा. तीन हिस्से चित्र झालं होतं.

आणि फूफी घरी आली.

बाहेर विमानतळाकडे जाणाऱ्या डंपरांची धूळ, खिडकी उघडी आणि मी टेबलावर नागडा. "हाय अल्ला, लेकरू असं उघडंच टाकून गेली!" तिने कव्हर शोधलं. गादीखाली सापडलं. गादीखाली का, असा प्रश्न तिला पडला असेल. क्षणभर ती थांबली खरी. मग तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली आणि अलगद, झोपलेल्या बाळाला दुपटं घालावं तसं, मला मखमलीत सरकवलं.

मी होता होईल तेवढा तग धरला. अजून थोडंच राहिलंय, अजून थोडंच, असं म्हणत राहिलो. पण शेवटी अंधारी आली ती आलीच.

आयत जिना चढून आली तेव्हा फूफी माझ्या निळ्या तोंडासमोर घाबरून उभी होती. "मी काही दाबलं नाही गो. मी फक्त..."

"फूफी, कव्हर का घातलंस!"

शब्द तोंडून निसटले. इक्बालभाई दारातच थबकले. फूफीने एकदा कव्हराकडे बघितलं, एकदा गादीकडे, आणि हळू आवाजात विचारलं, "माझ्या कव्हराने होतंय हे?"

आयत रडायलाच लागली. सगळं सांगितलं तिने. खालची जाळी, कोंडलेली हवा, शुक्रवारचं ते धुणं, लपवाछपवी. "तू एवढ्या हौसेने शिवलंस, डोळे बरे झाल्यावर पहिल्यांदा शिवलंस. मला सांगवेना, फूफी."

फूफीचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता ही रडणार. पण बाई अशी भडकली की बस्स!

"अगं वेडे! चाळीस वर्षं शिवतेय मी. किती पोलकी उसवलीत, किती कुर्ते पुन्हा बेतलेत. काखेत घट्ट होतंय हे गिऱ्हाईक बोललंच नाही, तर शिंपिणीने काय करायचं? तुला काय वाटलं, फूफीचं काळीज काचेचं आहे? मोतीबिंदू डोळ्यांत होता माझ्या, डोक्यात नव्हता! मला एक शब्द सांगायचा होतास. तुझं चित्र गेलं ना आता! माझ्या करंज्याचं चित्र गेलं!"

"आपा, आधी वेळ बघू," इक्बालभाई म्हणाले. "आयत, पुन्हा होईल का?"

आयतने डोळे पुसले. संध्याकाळ अजून व्हायची होती. पूर्ण दमाने पळालो तर होण्यासारखं होतं. "होईल. पण मध्ये एकदाही बंद पडून चालणार नाही."

"नाही पडणार," असं फूफीने परस्पर सांगून टाकलं. जणू मी तिचाच मुलगा. तिने माझं कव्हर काढलं, दोऱ्याची चार रिळं आणली आणि माझ्या चारी कोपऱ्यांखाली एकेक ठेवलं. मी टेबलापासून उंच झालो. शिवताना ती जो छोटा पंखा लावते, तो आणून माझ्या कुशीशी लावला. इक्बालभाईंनी दुकानाची फळी ओढली आणि वर येऊन पुठ्ठ्याने वारा घालू लागले. मित्रांनो, राजामहाराजांवर चवऱ्या ढाळतात म्हणे. माझ्यावर टोप्यांच्या खोक्याचा पुठ्ठा ढाळला जात होता. त्या दिवशी मी जसा पळालो तसा आयुष्यात पुन्हा पळेन की नाही, सांगता येत नाही.

सूर्य मावळून मगरिबची अजान व्हायच्या आत चित्र पूर्ण झालं.

उंच छप्पर, त्याच्या दोन पाख्यांमधून उतरणारा उजेड, खाली गार सावली. सावलीत बायका मासळी निवडत बसलेल्या. त्यातल्या एकीच्या कपाळावर चष्मा चढवलेला. फूफीने आपला चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा काढला, पुन्हा घेतला. "ही मी आहे?"

"तूच," आयत म्हणाली. "सावलीत बसवलंय तुला."

फाइल गेली. प्रकल्प पास झाला, आणि परीक्षकांनी छपराचं कौतुक केलं, हे मला नंतर कळलं. पण त्याच्या आधीची, म्हणजे त्याच संध्याकाळची एक गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

दिवे लागल्यावर फूफीने मला मांडीवर घेतलं आणि उलटं केलं. माझ्या पोटाच्या जाळीवरून बोट फिरवलं. "इथून घेतो होय श्वास हा? आणि इथून सोडतो?" मग तिने जांभळं कव्हर समोर पसरलं, खडूने खुणा केल्या आणि मोठी कात्री उचलली. आयत ओरडली, "फूफी, नको, मखमल आहे!" पण कात्री चालली. कर्र कर्र करत मखमलीला खिडक्या पडल्या. मग तिने त्या खिडक्यांच्या कडा काजाच्या टाक्याने बांधून काढल्या. एकही टाका हलला नाही. ते कव्हर आता पहिल्यापेक्षा देखणं दिसतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तर मित्रांनो, तुमच्याकडेही जिवापाड जपलेलं काही असेल. एखादी वस्तू असेल, एखादं जनावर असेल, घरातलं एखादं माणूसही असेल. त्याला जरूर जपा, मखमलीत ठेवा. पण अधूनमधून विचारत चला, कुठे घट्ट होतंय का? आणि कुणी तुमच्यासाठी प्रेमाने शिवलेलं तुम्हाला काचत असेल, तर तोंड उघडून सांगा. तुम्हाला देवाने वाचा दिली आहे. माझ्यासारखं निळं पडायची वेळ येऊ देऊ नका.

त्या संध्याकाळी फूफीने मला नव्या खिडक्यांच्या कव्हरात सरकवलं, दोन्ही हातांनी काठ चाचपला आणि गिऱ्हाइकाला विचारते तसं अगदी सरळ मला विचारलं, "काय रे, आता घट्ट नाही ना होत?"

आजवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी पंखा फिरवला, आणि माझा ऊन श्वास तिच्या बोटांवर सोडला.